माझ्या चौकोनातून कोणी गेलं नाही

आबा घरात आले की हात धुण्याआधी एखाद्या गोष्टीवरून तळवा फिरवत. अंथरलेली चादर असो, मायने नुकतीच थापलेली दादर ज्वारीची भाकरी असो, नाहीतर माझ्या वहीचा पुठ्ठा असो. त्यात त्यांना काही शोधायचं नसे. दिवसभर तेच करून हाताला तसं वळण पडलं होतं. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. आमच्या नवागामच्या चाळीतले जवळजवळ सगळे बाप खात्यात लूम चालवत. माझे आबा मात्र फोल्डिंगच्या टेबलावर होते. विणून आलेला कापडाचा ताका टेबलावर ओढायचा, ट्यूबलाइटच्या उजेडात थोडा थोडा उलगडायचा आणि कुठे धागा तुटला, कुठे तेलाचा डाग पडला, कुठे भोक राहिलं ते शोधून तिथे खडूने खूण करायची. खुणेशेजारी लूमचा नंबर आणि पाळी लिहायची. म्हणजे कोणाच्या हातून बिघडलं ते शेठला एका नजरेत कळे. ह्याला आमच्याकडे ‘नाव लागणं’ म्हणत. अमक्याचं नाव लागलं, तमक्याचं दोनदा लागलं, अशा बातम्या चाळीच्या गॅलरीतून संध्याकाळच्या आधीच घरोघर पोचत आणि ज्याचं नाव लागलं त्याच्या बायकोला नळावर खाली मान घालून उभं राहावं लागे.

त्यामुळे चाळीत आबांना मान होता, पण त्यांच्याजवळ बसायला कोणी येत नसे. सणासुदीला लोक नमस्कार करत आणि लगेच पुढे जात. मायला ह्याचं फार वाटे. तिने वांग्याचं भरीत केलं की वाटीभर डावीकडे, वाटीभर उजवीकडे देऊन यायची आणि परत येताना तिच्या वाटीत शेजारणीने काही ना काही घातलेलं असे; पण गप्पा नसत. आबा स्वतः वाईट नव्हते. लूमच्या खडखडाटाने त्यांचा एक कान गेला होता, म्हणून साधं बोलणंही ओरडून बोलत आणि नव्या माणसाला ते रागावलेत असं वाटे. पण नाव लावताना त्यांनी कधी कोणाला झुकतं माप दिलं नाही की कोणावर डूख धरला नाही. आपला माणूस पक्का आहे, त्याची नजर चुकत नाही, असं शेठ म्हणे. लहानपणी मलाही वाटे की जगात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरं काम हेच असावं: भोक दिसलं की ते कोणाचं हे सांगता येणं.

नाव लागण्याच्या भीतीने खात्यात एक रीत पडली होती आणि ती कोणी कोणाला शिकवायची गरज नसे. दुसऱ्याच्या लूमला हात लावायचा नाही. शेजारचा कारीगर पाणी प्यायला गेला आणि तिकडे धागा तुटला, डोळ्यांना दिसतंय, तरी आपल्या जागेवर उभं राहायचं. हाक मारायची फार तर. कारण हात लावला आणि नेमकं तिथे भोक राहिलं, तर शेवटचा हात कोणाचा, असं विचारलं जाणार. आपले लूम ते आपले, त्यावर डोळ्यांत तेल घालून राहायचं. आम्ही पोरी हे जेवताना ऐकत मोठ्या झालो. वडिलांच्या तोंडून, काकांच्या तोंडून, भावांच्या तोंडून. आमच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की ते भिनलंय हेसुद्धा आम्हांला माहीत नव्हतं.

आमच्या मराठी शाळेत बास्केटबॉल आणला तो सबनीस सरांनी. ते गणित शिकवत. पुण्याकडचे, बारीक अंगाचे, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालणारे. कॉलेजात असताना ते हा खेळ खेळले होते आणि आता मुलींचा संघ करायचाच असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मुलींचाच का, तर मुलगे दहावीच्या आधीच खात्यात जाऊ लागत, म्हणून. शाळेच्या मागे शेणखत टाकायची जागा होती, तिथे त्यांनी कुणाकुणाच्या मागे लागून सिमेंट घालून घेतलं आणि दोन बाजूंना दोन खांब उभे केले. बनियनवर नंबर शिवायचं काम मायकडे आलं. तिने काळ्या कापडाचे आकडे कापून हातशिलाईने घातले. माझा पाच, सुनंदाचा चार.

सुनंदा आमच्याच गॅलरीत, दोन दारं सोडून राहायची. तिची आई ठगूमावशी घरी साड्यांना लेस लावायचं काम घेई. दारात साड्यांचा ढीग पडलेला असायचा आणि शाळेतून आली की सुनंदा दप्तर टेकवून त्या ढिगाशी बसायची. सुईच्या टोकाने तिची बोटं कायम खडबडीत झालेली. तिला खेळायला पाठवावं म्हणून सबनीस सर स्वतः चाळीचे जिने चढून आले होते. ठगूमावशीने त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि आपण उंबऱ्यात बसली. सर म्हणाले, मुलगी चपळ आहे, संघात राहिली तर पुढे शिकायला मदत होईल. मावशी म्हणाली, संघात आहे तोवर चार ते साडेपाच सोडीन. हा ‘संघात आहे तोवर’ सरांनी हसून मान्य केला, आणि तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दीड तासासाठी सुनंदा दिवसभर जगायची. पावणेचारला ती आमच्या दाराशी येऊन उभी राही आणि मी वेणी घालत असले तर स्वतः माझी वेणी आवळून घाली, का तर उशीर नको.

बचाव शिकवताना सरांनी खडूने सिमेंटवर पाच चौकोन आखले. पुढे दोन, मागे तीन. प्रत्येकीने आपल्या चौकोनात राहायचं, आपल्या चौकोनात जी येईल तिला अडवायचं. इतर शाळांना हे शिकवायला महिने लागतात म्हणे; आम्हांला पहिल्याच दिवशी जमलं. सर थक्क झाले. त्यांना काय ठाऊक, आम्ही ह्या चौकोनांत जन्मापासून उभ्या होतो. पुढे डावीकडे सुनंदा, तिच्या बरोबर मागे मी. उंची होती म्हणून मला टोपलीजवळ ठेवलं होतं. प्रत्येक सरावानंतर सर आम्हांला कडुनिंबाखाली बसवत आणि विचारत, ही बास्केट कोणाकडून गेली, ती कोणाकडून गेली. मला प्रत्येक बास्केट आठवायची. कोण कुठून आली, कोणत्या हाताने चेंडू आपटत आली, कोणाच्या चौकोनातून घुसली. एकदोनदा असं झाल्यावर सर मलाच विचारू लागले. ‘मंगल, तू सांग. तुझी नजर चुकत नाही.’ पुण्याच्या स्वच्छ मराठीत कोणी माझ्याबद्दल असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या दिवशी मी घरी आले ती जमिनीला पाय न टेकता आले. आबांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तोही तसाच, कापडावर फिरवल्यासारखा.

पहिला खरा सामना नदीपलीकडच्या एका मोठ्या शाळेशी झाला. त्यांच्या मैदानावर रंगवलेल्या रेषा होत्या, पायात एकसारखे बूट होते, आणि बाहेर बसलेल्या त्यांच्या मैत्रिणी गुजरातीतून सारख्या ओरडत होत्या, ‘खाली छे, अहीं खाली छे.’ रिकामं आहे, इथे रिकामं आहे. त्या कुठे बोट दाखवत होत्या ते मला दिसत होतं. माझ्या आणि सुनंदाच्या मधल्या जागेकडे. त्यांची एक सावळी, बुटकी मुलगी चेंडू घेऊन सुनंदावर चालून येई, एका बाजूला झुकल्यासारखं करी आणि दुसऱ्या बाजूने निसटे. सुनंदा वळून तिच्या मागे जिवाच्या आकांताने धावे. ती मुलगी माझ्या चौकोनाच्या कडेकडेने जाई, अगदी रेषेला लागून, आणि चेंडू टोपलीत टाकून मोकळी होई. मी हात वर करून उभी असे. माझ्या चौकोनात. मला आठवतं, एकदा माझा उजवा पाय आपोआप पुढे निघाला होता. मी तो मागे घेतला. पुढे गेले आणि माझ्या मागून कोणी गेली तर ती बास्केट माझी धरली जाईल, असा विचार मनात आला. तो इतका झटकन आला आणि गेला की तो विचार होता असं म्हणायलाही मला पुढे बरेच दिवस लागले.

आम्ही हरलो. फार नाही, पण हरलो. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली सरांनी विचारलं तेव्हा मी एकेक बास्केट सांगत गेले. चौदांपैकी नऊ चार नंबरकडून. मी सुनंदा असंही म्हणाले नाही, चार नंबर म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. कोणाचं वाईट करतेय असं मला वाटत नव्हतं. खरं सांगतेय असंच वाटत होतं. आणि दिसायलाही तसंच होतं. जी मुलगी मागे धावते ती चुकलेली दिसते, जी जागेवर उभी असते ती बरोबर दिसते. बाकीच्या तिघीही तिथे होत्या. आपलं नाव आलं नाही ह्यातच त्या सुटल्या होत्या. सर सुनंदाकडे वळून म्हणाले, तुला काही म्हणायचंय का? ती बोटांची सालं काढत बसली होती. म्हणाली, ‘नाही सर. माझ्याकडूनच गेल्या.’ पुढच्या स्पर्धेला आठ जणींचीच नावं द्यायची होती. सरांनी तिचं नाव काढलं आणि कल्पना नावाच्या आठवीतल्या मुलीचं घातलं. ते हे सांगताना कठोर झाले नाहीत. उलट तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की सराव करत राहा, पुढच्या वर्षी बघू.

आज मी एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. आठवड्यातून एकदोनदा तरी दोन मुली माझ्या केबिनमध्ये येऊन उभ्या राहतात, बाई, हिने केलं, बाई, हिने केलं. माझ्याकडे न्यायासाठी येतात, आणि मी नीट निवाडा करते असं माझ्या माघारी म्हणतात हेही मला माहीत आहे. पण जी पोरगी पुढ्यात शांत उभी राहून सगळं सरळ, तपशिलासकट सांगते, तिच्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. माझे सहकारी ह्याला माझा तिरसटपणा म्हणतात. म्हणोत.

सुनंदा संघात नाही म्हटल्यावर ठगूमावशीने दिलेला शब्द पाळला. चारचं सोडणं बंद झालं. मी सरावाला निघाले की ती दाराशी साडी मांडीवर घेऊन बसलेली दिसे, आणि मी जाताना ती वर बघे. सुरुवातीला मी दोनचार शब्द बोलत असे. मग मी मागच्या जिन्याने जायला लागले. आपण असं का करतोय हे मी स्वतःला विचारलं नाही. मागचा जिना जवळ पडतो, असं मायला सांगितलं, आणि तो जवळ पडत नव्हता हे मायला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या दिवसांत तिने भरिताची वाटी ठगूमावशीकडे द्यायला मला पाठवायचा हट्ट धरला. मी वाटी उंबऱ्यावर ठेवून, मावशी, ठेवलं ग, असं म्हणून पळून येई.

खात्याला आठवड्यातून एक दिवस विजेची सुट्टी असे. त्या दिवशी नवागाममधला खडखडाट थांबे आणि इतकं शांत वाटे की शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा ऐकू येई. अशाच एका सुट्टीला आमच्या शाळेच्या मैदानावर सामना ठरला आणि आबा म्हणाले, मी येतो. धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते आले आणि बाकावर न बसता रेषेजवळ उभे राहिले. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. टोपलीत चेंडू पडला की आपला की त्यांचा हे बाजूच्याला विचारत होते. सुनंदाच्या जागी कल्पना होती. ती सुनंदापेक्षा ताजी होती, जोरदार होती. आणि बास्केट तिथूनच जात होत्या. तिच्या आणि माझ्या मधून. पाचवी गेली, सहावी गेली. मी हात वर करून उभी होते. मध्येच माझं लक्ष आबांकडे गेलं. ते चेंडूकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाली होती, आमच्या पायांवर, आणि मान हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होती, टेबलावरून ताका सरकत असताना जाते तशी. सामना आम्ही हरलो आणि सर म्हणाले की उद्या बसून बोलू.

घरी मायने शेवभाजी केली होती, आबा सुट्टीला घरी म्हणून. आम्ही तिघं जेवायला बसलो. आबांनी भाकरी मोडली, दोन घास खाल्ले आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, आमच्या खानदेशी अहिराणीत विचारलं,

‘ती धाकली पोर कोन व्हती तुना मोहरे?’

कल्पना, मी म्हटलं.

‘उद्या सर इचारी. तिनं नाव नको लावू.’

मी म्हटलं की बास्केट तिच्याकडूनच गेल्या, माझ्या चौकोनातून एकही गेली नाही. हे बोलताना मला आशा होती की ते ऐकून घेतील. आयुष्यभर ते हेच करत आले होते, कोणाच्या जागेत भोक पडलं ते बघत आले होते. आबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

‘भोक जठे दिसस तठे धागा तुटेल नसस,’ ते म्हणाले. ‘तो मांगेच तुटेल ऱ्हास. मी आज देखं. तू हालनी नही.’ भोक पुढे दिसतं, धागा मात्र मागेच तुटलेला असतो; आणि मागे मी होते.

‘खातामा कोनी हालस का?’ मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

‘लूम जागावरून हालस नही,’ आबा म्हणाले. ‘पोर हालस.’

एवढंच बोलून ते जेवू लागले. नजर पक्की असलेल्या माणसाने माझं नाव लावलं होतं, आणि त्यावर दाद कुठे मागणार? तरीही मला त्या क्षणी पहिल्यांदा आठवली ती कल्पना नव्हे, सुनंदा होती. नऊ बास्केट. त्या नऊच्या नऊ मी पुन्हा डोळ्यांपुढे आणल्या, आणि त्या प्रत्येकीत मी होते, रेषेपासून एक पाऊल आत, हात वर करून.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी सरांना गाठलं. ते वर्गात फळा पुसत होते. मी सगळं सांगितलं. पाय मागे घेतला होता तेही. त्यांनी डस्टर खाली ठेवला, चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, ‘मंगल, चौकोन मी आखले होते. पुस्तकात होतं तसं शिकवलं, तुम्ही कशा खेळताय ते पाहिलं नाही. खापर फोडायचंच तर माझ्यावर फुटायला हवं. तू मनाला लावून घेऊ नकोस.’ यादी पाठवून झाली होती, ह्या वर्षी बदलता येणार नव्हती. ते खरोखर सज्जन गृहस्थ होते आणि त्यांनी चूक एका वाक्यात, सहज, स्वतःच्या पदरात घेतली. मला इतकं हलकं वाटलं की मी वर्गातून बाहेर आले ते जवळजवळ धावतच. सरांची चूक होती. सर स्वतः म्हणाले होते.

घरी मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही की माझ्याकडे मान वळवली नाही.

‘सुनंदानं नाव सरनी लिधं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तू लिधं. तुले जानं पडी.’

सुनंदाचं नाव सरांनी नव्हे, मी घेतलं होतं, म्हणून जायला मलाच हवं होतं. दोन दारं ओलांडायला मला तीन दिवस लागले. इतक्या वर्षांनी मी ह्या तीन दिवसांकडे बघते तेव्हा मला त्यांची लाज वाटते, त्या नऊ बास्केटपेक्षा जास्त. त्या वेळी निदान मला कळलेलं नव्हतं. ह्या तीन दिवसांत मला सगळं कळलेलं होतं, आणि मी दारातून दोनदा निघून परत येऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले तर ठगूमावशी एकटीच लेस लावत होती. सुनंदा कुठेय म्हटलं तर तिने सुईनेच वर खूण केली. म्हणाली, रोज जेवण झालं की गच्चीवर जाते, कपडे वाळले का बघते, आणि तासभर येत नाही. काय करते देव जाणे. आता रागावले तरी ऐकत नाही.

गच्चीवर कडक ऊन होतं. दोरीवर चादरी वाळत होत्या. त्यांच्या पलीकडे सुनंदा होती, अनवाणी, गुडघे वाकवून, हात पसरून. समोर कोणी नव्हतं. ती एका बाजूला सरके, थांबे, दुसऱ्या बाजूला सरके, आणि मध्येच एकदम वळून धावायला लागे, मग स्वतःवर चिडून परत पहिल्या जागी येई. ते एका बाजूला झुकणं आणि दुसरीकडून निसटणं, त्या बुटक्या मुलीचं, ते मनात धरून ती त्याला उत्तर शोधत होती. तिचे तळवे भाजत असणार. मी चादरीआड किती वेळ उभी होते कोण जाणे. मला बघून ती थांबली आणि घाम पुसत हसली. तिला वाटलं, सरांनी पाठवलंय.

मी सांगितलं. आमच्या अहिराणीत सांगितलं, सरळ, कडुनिंबाखाली सांगायचे तसंच. त्या नऊ बास्केट तुझ्याकडून गेल्या नाहीत. तू एकटी तिला अडवू शकत नव्हतीस, कोणीच शकलं नसतं. मागून मी पुढे यायला हवं होतं. हे माझ्या आबांनी मला दाखवून दिलं, आणि मी सरांनाही सांगितलंय. मला वाटत होतं की ती रडेल, किंवा मला मारेल, किंवा तिला बरं वाटेल. ह्यांतलं काही झालं नाही. ती खाली बसली, पाठ कठड्याला टेकवली आणि पायाचे तळवे वर करून बघू लागली. ते लाल झाले होते, एका ठिकाणी सोललं होतं.

‘मंग महिनाभर मी काय सुधारं?’ तिने विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, तिला खरोखर उत्तर हवं होतं. रोज तासभर, महिनाभर तिने ह्या उन्हात जे दुरुस्त केलं ते काय होतं? मग मी म्हटलं, सर पुढच्या वर्षी घेणार आहेत, आता आपण दोघी नीट खेळू. ती हे ऐकत नव्हती.

‘तुले दिसत व्हतं का, ती जाई राह्यनी ते?’

दिसत होतं, मी म्हटलं.

‘मंग काब्र नही उनी?’

का आले नाही? चौकोन होते म्हणून, असं सांगता आलं असतं. सरांनी तसं शिकवलं होतं म्हणून, असंही सांगता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण ती सोललेला पाय हातात धरून बसली होती.

‘चूक मना नाववर लागती म्हनीसन,’ मी म्हटलं.

सुनंदाने मान हलवली. पुष्कळ दिवस शोधलेली गोष्ट हाती लागावी तशी, सावकाश. ती उठली, दोरीवरच्या चादरी एकेक ओढून खांद्यावर घेतल्या, आणि जिन्याकडे जाताना माझ्यासाठी बाजूला न होता, मीच बाजूला होईन अशी सरळ चालत आली. मी झाले. पुढच्या वर्षी सर तिच्या घरी दोनदा जाऊन आले. ठगूमावशी तयार होती. सुनंदानेच त्यांना सांगितलं की मंगल मागे उभी असेल तर मी येणार नाही. मी संघ सोडला तर ती येईल, हे मला सरांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सर ते तोंडाने बोलले नाहीत, आणि मी ते वर्षभर खेळले.